वाचकांचे प्रश्न : मांजर-कुत्र्यांची नसबंदी

प्रश्न : आमची मांजरी साडेपाच महिन्यांची आहे. आठवडाभर ती रात्रीची ओरडते, जमिनीवर लोळते, पाठीवर हात फिरवला की मागचा भाग उंच करते. सासूबाई म्हणतात, एक वेत होऊ द्या, नाहीतर पाप लागेल. शेजारी म्हणतात, माज थांबवण्याचं इंजेक्शन देऊन टाका. काय करावं?
– वाचक, म्हापसा

उत्तर : मांजरी आजारी नाही, माजावर आली आहे. मांजरीचं स्त्रीबीज सहसा बोक्याशी संग झाल्यावरच सुटतं. संग झाला नाही तर माज ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांत परत येतो. गाभण राहिली तर साधारण 63 ते 65 दिवसांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून ‘एकच वेत’ ठरवणं घरच्यांच्या हातात राहत नाही.

एकदा व्याल्याने मांजरीच्या तब्येतीला कसलाही फायदा होत नाही. उलट उशीर केल्याने तोटा होतो. मांजरींच्या स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या असतात, आणि सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींत त्या फार कमी आढळतात. तुमच्याकडे अजून वेळ आहे. शस्त्रक्रियेत अंडाशय आणि बहुधा गर्भपिशवीही काढतात. मांजरी सुदृढ असेल तर चार महिन्यांपासून ती करता येते. तारीख मिळेपर्यंत खिडक्या-दारं लावून ठेवा, कौलांखालच्या फटीही बघा.

ते इंजेक्शन मात्र देऊ नका. त्यात बहुधा मेडरॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम संप्रेरक (हॉर्मोन) असतं. ते वारंवार दिल्याने गर्भपिशवीत पू होतो, स्तन सुजतात, गाठी येतात, काही मांजरींना मधुमेहही होतो. आज वाचवलेले पैसे पुढे याहून मोठ्या शस्त्रक्रियेवर जातात, तीही आजारी जनावरावर.

सासूबाईंची तळमळ खरी आहे, तिला उत्तर द्यायलाच हवं. जन्माला येणाऱ्या प्रत्येक पिल्लासाठी आधीच घर ठरलं आहे का, हे त्यांच्याबरोबर बसून मोजा. बाजाराच्या कडेला खोक्यात सोडलेली पिल्लं अशाच ‘एका वेताची’ असतात.

प्रश्न : जर्मन शेफर्ड, नर, आठ महिने. पाहुण्यांवर भुंकतो, अंगावर धावून जातो. नसबंदीने शांत होईल ना?
– वाचक, फोंडा

उत्तर : यासाठी करू नका. वृषण काढल्यावर माद्यांच्या वासाने पळून जाणं, जागोजागी लघवी करून खुणा ठेवणं आणि अंगावर चढणं कमी होतं. अनोळखी माणसावर धावून जाण्यामागे बहुतेकदा भीती असते. ती शस्त्रक्रियेने जात नाही, काही कुत्र्यांत वाढतेही. त्याला शिकवणीची गरज आहे, तीही आत्ताच.

शिवाय या जातीत घाई नको. लांब हाडांची वाढ वेळेवर थांबवण्यात वृषणांतून येणाऱ्या संप्रेरकांचा हात असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने 2016 मध्ये जर्मन शेफर्डच्या नोंदी तपासल्या. एक वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांपैकी साधारण 21 टक्क्यांना सांध्यांचे आजार झाले होते, नसबंदी न झालेल्यांपैकी 7 टक्क्यांना. दोन वर्षं थांबलात तर उत्तम, पण गेट बंद आणि बाहेर पट्टा, ही अट पाळूनच. दोन्ही वृषण खाली उतरलेत का, हे आताच तपासून घ्या. पोटात राहिलेल्या वृषणात गाठ होण्याचा धोका बराच जास्त असतो, तो काढावाच लागतो. आणि पुढे शस्त्रक्रिया झाल्यावरही सुमारे सहा आठवडे त्याला माद्यांपासून लांब ठेवा, कारण तोवर पिल्लं होऊ शकतात.

प्रश्न : आपल्या सोयीसाठी मुक्या जिवाचं निरोगी अंग कापण्याचा आपल्याला काय अधिकार? नॉर्वेसारख्या देशात तर ठोस कारणाशिवाय हे करता येत नाही.
– वाचक, पणजी

उत्तर : सोयीचा भाग त्यात आहे, तो नाकारू नये. जनावर संमती देत नाही, आणि किंमत तेच मोजतं: भुलेचा थोडा धोका, नंतर वाढणारं वजन, मोठ्या जातीच्या काही माद्यांत झोपेत लघवी गळणं. ती गळती औषधाने बहुधा आटोक्यात येते, पण औषध बरेचदा जन्मभर चालतं. हे मालकाला आधी सांगितलंच पाहिजे.

पण नॉर्वेतला कुत्रा सहसा एकटा गावभर हिंडत नाही. आपल्याकडे सकाळी गेट उघडलं की कुत्रा दुपारी जेवायलाच परततो. नराच्या मालकाला स्वतःच्या कुत्र्याची पिल्लं कधी दिसतच नाहीत. अशा संगातून टीव्हीटी हा गाठीचा आजारही पसरतो. इंद्रियावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, रक्त गळणारी गाठ येते, आणि दर आठवड्याला शिरेतून व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगावरचं औषध द्यावं लागतं.

आमचं मत स्पष्ट आहे. मोकळ्या घरातली मांजरं आणि हिंडणारी कुत्री यांची नसबंदी करावीच. बंदिस्त घरात नीट सांभाळलेल्या कुत्र्याची केली नाही तरी ते अनैतिक नाही. मात्र मादी असेल तर वर्षातून साधारण दोनदा, दर वेळी तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून पहारा द्यावा लागेल. माजानंतरच्या दोन महिन्यांत ती फार पाणी पिऊ लागली, मलूल झाली, उलट्या झाल्या, तर गर्भपिशवीत पू झाल्याची शंका घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पू बाहेर दिसत नसेल तर प्रकरण अधिक गंभीर असू शकतं, कारण तोंड बंद झालेली पिशवी आतच फुटू शकते.

अंडाशय ठेवून फक्त गर्भपिशवी काढणं किंवा नराची नुसती नस बांधणं, हे मधले मार्गही आहेत. त्याने संप्रेरकं शाबूत राहतात, पण माज आणि स्तनातल्या गाठींचा धोकाही राहतो.

प्रश्न : गावठी कुत्री सात महिन्यांची. पावसाळ्यात शस्त्रक्रिया चालेल? काळजी काय घ्यावी?
– वाचक, साखळी

उत्तर : कोरडी, बंद खोली असेल तर चालेल. पडवीत पोत्यावर बांधणार असाल तर ऑक्टोबरपर्यंत थांबा. ओल्या जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही. माज येऊन गेला असेल तर मात्र दोन ते तीन महिने जाऊ द्या, कारण माजात रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि रक्तस्राव वाढतो.

आधी रक्त तपासा, त्यात प्लेटलेटचा आकडा बघायला सांगा. आपल्याकडे गोचीडताप अंगात लपून असतो. कुत्री खातेपिते, खेळते, आणि टेबलावर रक्त थांबत नाही. आदल्या रात्री हलकं जेवण द्या, नंतर काही नको. पाणी सकाळपर्यंत चालतं. लहान पिल्लांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवू नका, त्यांची साखर उतरते. त्यांची वेळ डॉक्टरांना विचारा.

घरी आणल्यावर गळ्यातली प्लास्टिकची कॉलर 10 ते 14 दिवस काढायची नाही. रात्रीही नाही, ‘बिचारी कशी बघते’ म्हणूनही नाही. टाके चाटून उघडायला एक रात्र पुरते. आंघोळ, उड्या, जिना बंद. जखमेला हळद, राख, पावडर काही लावू नका. दिवसातून दोनदा उजेडात बघा. पहिले दोन-तीन दिवस कडा किंचित लाल आणि सुजलेल्या असतात, ते ठीक. पाणी गळणं, वास, किंवा कातडीखाली मऊ फुगवटा दिसला तर आतला थर सुटलेला असू शकतो. फुगवटा दाबून पाहू नका, दवाखाना गाठा. ओठ उचलून हिरड्या पाहा. त्या पांढुरक्या पडल्या असतील तर पोटात रक्त जात असेल, एक तासही थांबू नका.

वेदनेचं औषध डॉक्टरांनी दिलेलंच द्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याला नको, आणि पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर मरू शकतं. टाके सुकल्यावर खाणं साधारण पाव हिश्श्याने कमी करा. नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची गरज घटते, लठ्ठपणा तिथून सुरू होतो.

प्रश्न : शॅकवर (किनाऱ्यावरच्या, पावसाळ्यात मोडायच्या तात्पुरत्या हॉटेलात) खाऊ घालतो त्या कुत्रीची जबाबदारी कोणाची?
– वाचक, काणकोण

उत्तर : रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी 2023 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थेने करायची आहे, आणि नंतर कुत्रं सहसा त्याच जागी सोडायचं. आधी कान पाहा. टोकाला कापल्याची खूण असेल तर तिची झालेली आहे. नसेल तर पंचायतीत लेखी कळवा, आणि पकडताना तुम्ही हजर राहा, कारण ती तुमच्याच हाकेला येते. पाजती असेल तर पिल्लं दोन महिन्यांची होईतो थांबा. हे सगळं मे महिन्याच्या आत उरका. शॅक मोडल्यावर अन्न संपतं, कुत्री पांगतात आणि मग हाती लागत नाहीत.