रोज कार्ट्रिजच्या (एकामागे एक पाती असलेल्या) रेझरने दाढी केली की मानेवर पुळ्या येतात, इलेक्ट्रिक शेव्हर घेतला तर फरक पडेल का? की तो जुन्या मशीनसारखा केस ओढतच राहतो?

मानेवर पुळ्या येत असतील तर नक्की घ्या, मी स्वतः त्याच त्रासापायी शेव्हरकडे वळलो आणि आता परत जायची इच्छा नाही. फक्त ब्लेडसारखा गुळगुळीत गाल मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. ब्लेड थेट कातडीवरून फिरतं, शेव्हरचं पातं मात्र जाळीच्या आत असतं, त्यामुळे जाळी कितीही पातळ केली तरी तेवढा खुंट मागे राहणारच. आणि पुळ्यांवर खरा इलाज तोच खुंट आहे! कार्ट्रिजमध्ये पुढचं पातं केस जरा वर ओढतं, मागचं कापतं, मग उरलेला केस कातडीच्या खाली जातो आणि कुरळा असेल तर आतच वळून वाढतो, त्याचीच पुळी होते.

जुन्या मशीनबद्दलची तक्रार खरी आहे. जेकब शिक या अमेरिकन माणसाचा शेव्हर 1931 मध्ये विकायला आला तो 25 डॉलरला, म्हणजे मंदीच्या काळात चैनच. मग 1939 मध्ये फिलिप्सने गोल फिरणाऱ्या पात्याचा काढला, त्याला तेव्हा एकच डोकं होतं, तीन डोकी यायला 1966 उजाडलं. ब्राउनचा जाळीवाला 1950 चा. आपल्याकडच्या घरांत जी जुनी मशीन असायची त्यांची बॅटरी दमली की पात्याचा वेग कमी व्हायचा, आणि वेग कमी झाला की केस कापायच्या ऐवजी ओढला जातो, म्हणून डोळ्यांत पाणी यायचं. आता लिथियम बॅटरीमुळे वेग बराचसा टिकून राहतो आणि बरेच शेव्हर पाण्याखालीही चालतात.

केस दोन-तीन दिवसांचे वाढलेले असतील तर आधी ट्रिमर मारा, लांब केस जाळीच्या भोकात नीट शिरतच नाहीत. कोरडी दाढी करायची तर तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर करा, घामट चेहऱ्यावर शेव्हर अडकतो. मानेवरचे केस वाटेल त्या दिशेला वाढत असतील तर गोल डोक्यांचा बरा, रोज करणाऱ्याला जाळीचा. आणि सुरुवातीचे दोन-तीन आठवडे थोडी आग होईल, कातडीला सवय व्हायला तेवढा वेळ द्या, बहुतेक लोक इथेच कंटाळून मशीन कपाटात टाकतात.

पैशांचाच प्रश्न असेल तर दुधारी ब्लेडचा साधा रेझरही चांगला पर्याय आहे, एकच पातं असल्यामुळे कार्ट्रिजपेक्षा पुळ्या कमी येतात, गरम पाणी आणि ब्रशने केलेला फेस मात्र हवाच. पण घरात कुणी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल तर त्यांच्यासाठी शेव्हरच आणा, तिथे ब्लेडची काटकसर नको. 

दुकानात शेव्हर मागितला की पुष्कळदा ट्रिमर पुढे करतात, जाळी किंवा गोल डोकी नसतील तर तो शेव्हर नाही. आणि त्या मॉडेलची जाळी-पाती सुटी मिळतात का हे पैसे देण्याआधी विचारा, साधारण वर्ष-दीड वर्षाने ती बदलावी लागतात.