मुदतपूर्व सुटका नाकारली, आता दाद कुठे मागायची?

प्रश्न : माझे वडील खुनाच्या गुन्ह्यात 2009 पासून महाराष्ट्रात जन्मठेप भोगत आहेत. वय 71, डायलिसिस सुरू आहे. शासनाने त्यांना 24 वर्षांच्या गटात (म्हणजे तेवढी वर्षे भरल्यावरच सुटका) टाकून मुदतपूर्व सुटका नाकारली. अपील कुठे करायचे?

उत्तर : ताई, या आदेशावर अपील नाही. मुंबई उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली फौजदारी रिट याचिका करावी लागेल. न्यायालय सहसा स्वतः सुटका करत नाही. आदेश रद्द करून ठरावीक मुदतीत फेरविचार करायला सांगते. म्हणून ‘वडील आजारी आहेत’ एवढ्यावर याचिका उभी करू नका. निर्णय कुठे चुकला ते दाखवा.

त्यासाठी आधी कागद हवेत : आदेशाची प्रत, पोलीस आणि कारागृह अधीक्षकांचे अहवाल, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत आणि माफीच्या (कारागृहाने शिक्षेतून कमी केलेल्या) दिवसांचा तक्ता. वडिलांच्या सहीने अधीक्षकांकडे लेखी मागा आणि पोच घ्या. मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज करा.

मग पहिली तपासणी : कोणते धोरण लावले? वडिलांना शिक्षा 2009 मध्ये झाली आणि आदेशात 15 मार्च 2010 चा शासन निर्णय असेल, तर तिथेच बोट ठेवा. शिक्षेच्या तारखेचे धोरण लागू होते; नंतरचे सौम्य असेल तर त्याचा लाभ मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये हरियाणा राज्य विरुद्ध जगदीश या निकालात सांगितले आहे. गटाची वर्षे माफीसह आहेत का, हेही वाचा. माफीसह असतील तर कच्च्या कैदेचे आणि माफीचे दिवस एकेक करून मोजा. बेरजेतली चूक अनेकदा इथेच सापडते.

दुसरी तपासणी न्यायाधीशांच्या मताची. ‘गुन्हा गंभीर आहे, सबब सुटका नको’ एवढेच लिहिले असेल तर ते पुरेसे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या राम चंदर (2022) निकालानुसार मताला कारणे हवीत. पुन्हा गुन्हा करण्याची क्षमता उरली आहे का, कैदेत ठेवून काय साधणार, कुटुंबाची स्थिती काय, याचा विचार दिसला पाहिजे. आजारपणाची जागा इथे आहे. कारागृहाचे वैद्यकीय अधिकारी आणि उपचार करणारे सरकारी रुग्णालय, दोघांचे अहवाल जोडा. ‘प्रकृती ठीक नाही’ असा मोघम दाखला चालत नाही. डायलिसिस आठवड्यातून किती वेळा, पोलीस बंदोबस्ताअभावी किती वेळा चुकले, हे तारखांसह यावे.

प्रत्यक्ष कैद 14 वर्षांहून कमी भरली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 475 आड येते. ही 14 वर्षे मोजताना माफी धरत नाहीत. पॅरोलचे दिवस वगळल्याचेही निकाल आहेत. 14 वर्षे भरत नसतील तर अनुच्छेद 161 खाली राज्यपालांकडे अर्ज करा, तिथे ही अट लागत नाही.

याचिकेला ठरलेली मुदत नसली तरी उशीर झाला तर कारण सांगावे लागते. वकील परवडत नसेल तर अडून राहू नका : कैद्याला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. वडिलांनी अधीक्षकांमार्फत विधी सेवा प्राधिकरणाला अर्ज द्यावा. वकीलपत्रावरची त्यांची सहीही कारागृहातच साक्षांकित होते.