मनःस्वास्थ्याचं ॲप लोकांनी रोज उघडावं म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मूड नोंदवायचं ॲप करताय, पण लोक आठवड्याभरात ते उघडेनासे होतात; स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस उघडलं त्याची साखळी, लावू की पॉइंट्स? दोन्ही लावू नका. असं ॲप मी केलंय आणि माझ्या आईने ते वापरलंय.

बाबा गेले त्या वर्षी मी बडोद्यातल्या एका छोट्या कंपनीत डिझाइनचं काम करत होते. तिथेच ते ॲप केलं: रात्री नऊला फोनवर ॲपची आठवण यायची, पाच चेहऱ्यांतला एक निवडायचा, वाटलं तर दोन ओळी लिहायच्या. दिवाळीनंतर मी ते आईच्या फोनमध्ये घालून दिलं. दांडिया बाजारातलं घर दिवेलागणीला तिला खायला उठायचं. तिने ते मनावर घेतलं. 'आज यांचा चष्मा कपाटात सापडला.' एवढंच लिहायची, पण रोज लिहायची.

उत्तरायणला भाचरं आली आणि तिला ओढतच गच्चीवर घेऊन गेली. बाबा पतंग उडवायचे तेव्हा फिरकी तीच धरायची. त्या दिवशीही तिनेच धरली. शेजारच्या गच्चीवरून 'काप्यो छे'चा गलका, उंधियु, रात्री पतंगाच्या दोरीला बांधलेले तुक्कल कंदील. ती हसत होती. फोन खाली स्वयंपाकघरात पडलेला, नऊ कधी वाजले कळलंही नाही.

सकाळी स्क्रीनवर रडका चेहरा: 'अरेरे, तुमची ६३ दिवसांची साखळी तुटली!' तिने मला विचारलं, "अगं, काल माझं काय चुकलं?" बाबांनंतरचा तिचा पहिला बरा दिवस, आणि मी केलेल्या ॲपने त्याच दिवशी तिला चुकल्यासारखं वाटायला लावलं.

पुढे ती नऊच्या ठोक्याला न बघता हसरा चेहरा दाबू लागली. लिहिणं बंद. का, तर "साखळी तुटायला नको ना."

ऑफिसात मी स्ट्रीक काढा म्हणून भांडले. साहेब म्हणाले, "रोज उघडणारे वाढलेत, मूडचा आलेखही वर चाललाय, अजून काय हवं?" त्या आलेखात आईचं ते हसूही होतं. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली विद्यार्थ्यांना कोडी सोडवायचे पैसे दिले. पैसे थांबल्यावर त्यांचा मोकळ्या वेळात कोड्यांकडे असलेला ओढा कमी झाला. आईचं तेच झालं. साखळी मोठी झाली आणि चष्मा मागे पडला. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणसाच्या तीन मूळ गरजा मांडल्या: आपलं आपण ठरवणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि कुणाशी तरी आपलेपणा असणं. पीटर्स, काल्वो आणि रायन यांचं डिजिटल डिझाइनसाठीचं २०१८चं मॉडेल तर स्पष्ट सांगतं की स्क्रीनवर काय होतं आणि आयुष्यात काय होतं हे वेगवेगळं तपासा. आमचा स्क्रीन देखणा होता. आयुष्याकडे कुणी पाहिलंच नाही. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नची, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या किंवा रेटणाऱ्या डिझाइनच्या युक्त्यांची, जी यादी काढली, तिच्यात ग्राहकाला अपराधी वाटायला लावणंही आहे. ते नियम व्यापारासाठीचे, पण दुःखातल्या माणसाला तर हे मुळीच करू नये.

तेव्हा आठवणीची वेळ आणि वार माणसालाच ठरवू द्या, आठवण बंद करणं एका बोटाचं काम ठेवा. चुकलेला दिवस कोरा सोडा, त्यावर एक शब्दही नको. सलग वाईट चेहरे आले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर समोर दिसू द्या; तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत.

गोळ्यांच्या वेळा पाळायच्या असतील तर रोजची आठवण हवीच, ती गोष्ट निराळी. आणि एकट्या माझ्या आईवरून सगळ्यांचं ठरत नाही, हेही मान्य. पण 'लोक उघडेनासे होतात' हे तुम्ही अपयश धरलंय, तिथेच माझं साहेबांशी भांडण होतं. त्या लोकांना आधी विचारा, का थांबलात? काही जण बरे वाटू लागलं म्हणून थांबले असतील.

होळीच्या आधी आईने ॲप काढून टाकलं. आता बाबांच्या हिशेबाच्या उरलेल्या वहीत लिहिते, मनात येईल तेव्हा. आमच्या ऑफिसच्या तक्त्यात त्या महिन्याची गळती लाल अक्षरांत दाखवली होती, तिच्यात एक ती होती.