प्रोजेक्टर घ्यायचाय? मग आधी भिंत मोजा

प्रश्न : घरी सिनेमे बघायला छोटा पोर्टेबल प्रोजेक्टर घ्यायचाय. दोन मॉडेल काढलीत, किंमत जवळपास सारखीच. एकावर लिहिलंय ९००० ल्युमेन, ४के सपोर्ट, २०० इंचापर्यंत स्क्रीन. दुसऱ्यावर ४०० अँसी ल्युमेन, नेटिव्ह १०८०पी, १२० इंचापर्यंत. मला आकडे बघून पहिलाच भारी वाटतोय, पण मित्र म्हणतो डोळे मिटून दुसरा घे. असं का?

उत्तर : मित्राचं ऐका. पण का ऐकायचं ते नीट सांगते, कारण हे एकदा कळलं की पुढचा कुठलाही प्रोजेक्टर तुम्ही स्वतःच पारखाल.

ल्युमेन हे उजेड मोजायचं एकक. नुसतं 'ल्युमेन' लिहिलेलं असलं की तो उजेड कुठे मोजलाय ते काहीच कळत नाही. स्वस्तातल्या प्रोजेक्टरवर बरेचदा आतल्या एलईडीचा उजेड छापतात, लेन्समधून बाहेर पडलेला नाही, आणि मधल्या वाटेत केवढं तरी गळतं बघा, एकाच एलसीडी पॅनलवाल्या (पॅनल म्हणजे ज्यावर चित्र तयार होतं तो भाग) प्रोजेक्टरमध्ये पोलरायझर नावाचा फिल्टरच निम्म्याहून जास्त उजेड खातो, उरलेल्यातला मोठा हिस्सा रंगांचे फिल्टर खातात, मग लेन्स थोडा खाते. काही वेळा तर छापलेल्या आकड्याला कसलाच आधार नसतो. अँसी ल्युमेन मात्र पडद्यावर मोजतात. पांढरं चित्र टाकायचं, पडद्याचे ९ सारखे भाग करायचे, प्रत्येक भागाच्या मध्यावर लक्समीटर धरायचा (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन), सरासरी काढायची आणि तिला पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणायचं. आयएसओ २१११८ लिहिलेलं असेल तर तेही याच जातीचं मोजमाप, त्यावरही भरवसा ठेवा. ९००० आणि ४०० ही तुलनाच होत नाही, दोन वेगळ्या गोष्टी मोजल्यात. पहिल्याचे अँसी ल्युमेन किती ते विक्रेत्याला लेखी विचारा, आणि उत्तर आलं नाही तर ते मॉडेल यादीतून काढा.

आता ४०० तरी पुरतील का? इथे टेप घेऊन भिंतीपाशी जा. ६० इंचाचं चित्र म्हणजे साधारण १३३ सेंमी रुंद आणि ७५ सेंमी उंच, म्हणजे जवळपास १ चौरस मीटर. ४०० ल्युमेन त्यावर पसरले की ४०० लक्स, मस्त. तेच चित्र १२० इंच केलंत तर क्षेत्रफळ दुप्पट नाही, चौपट होतं, आणि हातात राहतात १०० लक्स. रात्री साधा दिवा लावलेल्या खोलीतसुद्धा भिंतीवर तेवढ्याच्या आसपास उजेड असू शकतो. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही, भिंत जेवढी अंधारी तेवढाच तुमचा काळा काळा. म्हणून दिवा चालू असला की रात्रीचा प्रसंग राखाडी दिसतो, चेहरे धुऊन निघतात. तुमच्या ४०० मध्ये पूर्ण अंधारात ९०-१०० इंच छान दिसेल, मंद दिवा ठेवायचाच असेल तर ६०-७० वर थांबा. आणि २०० इंच हे तर विसराच, तो आकडा चित्र कुठवर ताणता येतं एवढंच सांगतो, दिसतं का ते सांगत नाही.

४के सपोर्टचंही तसंच. सपोर्ट म्हणजे ४के व्हिडिओ दिला तर मशीन तो घेईल, पण दाखवेल स्वतःच्या पॅनलवर मावेल तेवढंच. तुम्हाला 'नेटिव्ह रिझोल्यूशन', म्हणजे पॅनलवर खरोखर किती ठिपके आहेत, हा शब्द शोधायचाय, आणि तो पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. पॅनल ८५४ x ४८० चं निघालं तर १०० इंचाच्या चित्रात एकेक ठिपका अडीच मिलिमीटरहून मोठा होतो. मी असा एक वापरलाय, देवनागरी सबटायटलमधल्या वेलांट्या आणि अनुस्वार जवळून बघितले तर पायऱ्यापायऱ्यांचे दिसायचे, जोडाक्षरं तर अंदाजानेच वाचायची. दहा मिनिटांत डोळे थकले. १०८०पी ला तोच ठिपका सव्वा मिलिमीटरच्या आत येतो.

प्रश्न : खोली लहान आहे. लेन्सपासून भिंत जेमतेम अडीच मीटर. चित्र केवढं येईल? आणि प्रोजेक्टर बाजूच्या टेबलावर तिरका ठेवला तर चालेल का, ऑटो कीस्टोन आहे म्हणतात.

उत्तर : स्पेसिफिकेशनमध्ये 'थ्रो रेशो' बघा. अंतर भागिले चित्राची रुंदी, एवढंच ते आहे. रेशो १.२ असेल तर अडीच मीटरवरून साधारण २०८ सेंमी रुंद चित्र येतं, म्हणजे ९४ इंच. आकडा जितका लहान तितकं जवळून मोठं चित्र. आधी हे गणित करा मग ऑर्डर करा, कारण लहान पोर्टेबलमध्ये खरा ऑप्टिकल झूम सहसा नसतो, झूम म्हणून जे देतात ते चित्र डिजिटली आक्रसतं.

तिरका ठेवायचं मात्र टाळा. कीस्टोन म्हणजे तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करून दाखवायची सोय. ते करतं काय, तर पॅनलवरच चित्र वाकडं कापून बसवतं, त्यामुळे काही पिक्सेल (ठिपके) वाया जातात, उजेड कमी होतो आणि अंधारात चित्राभोवती न वापरलेल्या भागाची फिकट राखाडी चौकट दिसत राहते. एकदा ती दिसली की नजर तिकडेच जाते. थोडंसं चालतं हो, पण शक्यतो भिंतीसमोर सरळ ठेवा, स्टँड घ्यावा लागला तरी.

प्रश्न : बॅटरीवाला घ्यावा का? अडीच तास चालतो लिहिलंय.

उत्तर : तो अडीच तास बहुतेक इको मोडचा असतो, आणि बॅटरीवर गेला की बरेच प्रोजेक्टर आपोआप उजेड उतरवतात. म्हणून बॅटरीवर किती अँसी ल्युमेन मिळतात ते वेगळं विचारा. एमएएच वर जाऊ नका, वॉट-अवर बघा (एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले १०००). १६००० एमएएच, ३.७ व्होल्ट म्हणजे साधारण ५९ वॉट-अवर, मशीन ३० वॉट घेत असेल तर दोन तासही जेमतेम. लांबलचक सिनेमा शेवटच्या वीस मिनिटांवर असताना बंद पडला की फार वाईट वाटतं. टाइप-सी वरून चालणारा असेल तर किती वॉटचा पीडी (टाइप-सी वरून जास्त वीज देणारा चार्जर) लागतो ते बघा, ६५ वॉट मागणाऱ्याला तुमची १८ वॉटची पॉवर बँक पुरणार नाही. नेहमी प्लगजवळच बसून बघणार असाल तर बॅटरीवर पैसे घालू नका, तेच उजेडावर घाला.

प्रश्न : कॉन्ट्रास्ट १००००:१, एचडीआर, ३०००० तास आयुष्य, यातलं काय बघू?

उत्तर : यातलं काहीच आधी नाही. कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, कसा मोजला ते सांगितलेलं नसेल तर दोन मॉडेलची तुलना होत नाही. एवढ्या कमी उजेडात एचडीआरचा (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणाऱ्या व्हिडिओचा) उपयोग नाही, कधीकधी चित्र उलट काळपट होतं. तास म्हणजे उजेड निम्म्यावर यायला लागणारा अंदाजे वेळ, तेवढं तुम्ही क्वचितच वापराल.

त्यापेक्षा हे विचारा : आत अँड्रॉइड असेल तर वाइडवाइन एल१ आहे का? वाइडवाइन म्हणजे ओटीटीचे व्हिडिओ कॉपी होऊ नयेत म्हणून असलेलं कुलूप, एल१ आणि एल३ या त्याच्या पातळ्या. नुसतं एल३ असेल तर ओटीटी ॲप चालतं पण चित्र बरेचदा ४८०पी च्या आसपास अडकतं, मग १०८०पी चं पॅनल असून काय फायदा. तसं असेल तर एचडीएमआयला स्ट्रीमिंग स्टिक लावता येते, म्हणून तो पोर्ट हवाच.

आणि घरी आल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत एक करा. पांढऱ्या पडद्यावर बारीक मजकूर लावा, फोकस करा आणि अर्धा-पाऊण तास तसाच चालू ठेवा. गरम झाल्यावर अक्षरं पुसट झाली, किंवा मध्ये नीट आणि कोपऱ्यात धुरकट दिसली, तर ठेवून घेऊ नका. त्याच वेळी आवाज बंद करून प्रोजेक्टरचा पंखा ऐका, हळू संवाद असताना तो तुमच्या कानापासून फूटभरावर फिरणार आहे.