बॅटरीची किंमत शून्य धरून बघ

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा हिशोबाचा कागद दोन्ही मिळाले. २०१८ सालची, मुंबई पासिंगची व्होल्व्हो एक्ससी ९० टी ८ ही प्लग-इन हायब्रिड गाडी नागपुरात वर्धा रोडवरच्या एका डीलरकडे उभी आहे, नवी असताना कोटीच्या घरात असलेली ती आता निम्म्याहून कमी किमतीत मिळते आहे, आणि दवाखान्याचे कर्ज बरेचसे फिटल्यामुळे ती घ्यावी असे तुझ्या मनात आहे, हे समजले. हौसेला माझा विरोध नाही. पण तुझ्या कागदावर ‘पेट्रोल जवळजवळ लागणारच नाही’ असे एक वाक्य आहे, आणि त्या वाक्यासाठीच मी हे पत्र लिहीत आहे.

आधी शब्दाचा घोळ दूर करू. आपल्याकडे हायब्रिड हा शब्द फार सैल वापरला जातो. इनोव्हा हायक्रॉस किंवा ग्रँड व्हिटारा यांच्यातल्या हायब्रिड प्रकाराची छोटी बॅटरी गाडी चालता चालता आपोआप भरते. तिला भिंतीच्या प्लगशी काही देणेघेणे नसते. सियाझ आणि अर्टिगावर ‘स्मार्ट हायब्रिड’ असे लिहिलेले असे, तिथे तर विजेची मदत नावापुरतीच होती. तू पाहिलेली गाडी वेगळी आहे. तिच्यात दोन लिटरचे पेट्रोल इंजिन पुढची चाके फिरवते, विजेची मोटर मागची चाके फिरवते, आणि या दोहोंना जोडणारा दांडा जिथे असायचा त्या मधल्या बोगद्यात बॅटरी बसवलेली आहे. ही बॅटरी साधारण दहा युनिटांची असते, पण तिचा वरचा आणि खालचा काही भाग गाडी राखून ठेवते, त्यामुळे वापरायला मिळतात ती सहा-सात युनिटेच. बाहेरून प्लग लावून ती भरली तर आणि तरच या गाडीला अर्थ आहे. न भरता चालवलीस, तर ती स्वतःच्या बॅटरीचे ओझे वाहणारी एक जड पेट्रोल गाडी होते.

हे माझे एकट्याचे मत नव्हे. युरोपीय आयोगाने २०२१ साली नोंदल्या गेलेल्या गाड्यांमधील इंधनाच्या प्रत्यक्ष नोंदी तपासल्या आणि २०२४ साली जाहीर केले की, प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे रस्त्यावरचे कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघते. याचे मोठे कारण साधे आहे: लोक प्लग लावत नाहीत.

लोकांना कशाला नावे ठेवू, मी स्वतः हेच केले आहे. वीस वर्षांपूर्वी मी एलपीजी किट बसवलेली जुनी गाडी घेतली होती, आणि घेताना तुझ्यासारखाच कागद मांडला होता. गॅसचा पंप घराच्या विरुद्ध टोकाला होता. पहिला महिना मी नेमाने गेलो, दुसऱ्या महिन्यात आठवड्याआड गेलो, आणि पुढे ती टाकी डिकी अडवून बसण्यापलीकडे काही करीत नव्हती. तुझ्या काकू अजूनही तिला ‘तुमची बचत’ म्हणतात.

आता तुझा हिशोब पुन्हा मांडतो. मानकापूरहून बुटीबोरीच्या दवाखान्यापर्यंत पस्तीसेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन सत्तर. आठ वर्षांची बॅटरी, वर एसी चालू, अशा स्थितीत एका चार्जवर बावीस किलोमीटर मिळतील असे समज. उरलेले अठ्ठेचाळीस पेट्रोलवर जातील, आणि एवढी जड गाडी लिटरला दहा देईल असे मी धरतो. प्लग न लावता रोज सात लिटर लागले असते, लावून ४.८ लिटर लागतील, वाचले २.२ लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर २३१ रुपये झाले. त्यातून भिंतीतून ओढलेल्या आठेक युनिटांचे, युनिटला बारा रुपये धरून, ९६ रुपये वजा कर. दिवसाला १३५ रुपये, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेतीन हजारांच्या आत, आणि वर्षाला चाळीस हजार. दवाखान्यातही दुपारी चार्ज केलीस तर बचत वाढेल, पण किती ते तिथल्या व्यावसायिक दरावर ठरेल. उलट बाजूला बॅटरी बदलण्याचा खर्च आहे. अधिकृत वर्कशॉपकडून त्याचे लेखी अंदाजपत्रक घे; तो आकडा लाखांत असेल, आणि त्याला चाळीस हजारांनी भागलेस की किती वर्षांनी फिटंफाट होते ते तुलाच दिसेल.

म्हणून माझा सल्ला असा की, या गाडीतल्या बॅटरीची किंमत शून्य धर. उद्या ती बसली तरी केवळ एक आठ वर्षांची, आरामशीर, तहानलेली पेट्रोल गाडी म्हणून ती तुला या पैशांत हवी आहे का, आणि तिचे सुटे भाग व विमा तुला पेलतील का, एवढेच विचार. उत्तर ‘हो’ असेल तर विजेवर मिळेल ते सगळे वरकड समज. उत्तर अडखळत येत असेल, तर तू गाडी विकत घेत नसून बॅटरीवर पैज लावते आहेस. या वर्गातल्या बॅटरीला कंपन्या सहसा आठ वर्षांची हमी देतात. २०१८ च्या गाडीची ती संपली तरी असेल किंवा संपत आली असेल. मूळ हमीपत्र मागून तारीख आणि किलोमीटरची मर्यादा स्वतःच्या डोळ्यांनी वाच.

प्लगचा प्रश्न मला सर्वांत मोठा वाटतो, आणि तुझ्या पत्रात त्यावर एक ओळही नाही. तुमच्या फ्लॅट स्कीममध्ये तुझी पार्किंगची जागा जिन्यामागे आहे. तिथपर्यंत तुझ्या मीटरवरून स्वतंत्र केबल, १६ अँपिअरचा पॉइंट, वेगळा एमसीबी (जास्त प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच) आणि खात्रीचे अर्थिंग न्यावे लागेल, आणि त्यासाठी सोसायटीची लेखी संमती लागेल. वीज खात्यात पस्तीस वर्षे काढलेला माणूस म्हणून सांगतो, जुन्या स्कीममधले अर्थिंग पुष्कळदा कागदावरच असते. मोजून घेतल्याशिवाय विश्वास ठेवू नये. एक्स्टेंशन बोर्डावर रात्रभर गाडी लावण्याचा विचारही करू नकोस. उन्हाळ्यात दोन कूलर आणि एक एसी चालत असताना तुझे बिल आधीच वरच्या स्लॅबमध्ये असते, त्यावर महिन्याला दोनशे युनिटे चढतील, म्हणून मंजूर लोडही तपासून घे. आणि समृद्धी महामार्गावर जलद चार्जिंग मिळेल या भरवशावर राहू नकोस. या गाडीला ते चालत नाही, ती घरच्या साध्या विजेवरच सावकाश भरते.

नागपूरच्या उन्हाचाही विचार कर. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते, त्यातही पूर्ण भरलेल्या अवस्थेत तापत उभी राहिली तर अधिकच. नवतप्यात पारा ४५ च्या पुढे असताना बुटीबोरीला पत्र्याखाली भरलेली गाडी दिवसभर उभी ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य स्वतः कमी करणे होय. टायमर लावून चार्जिंग पहाटे निघण्याच्या सुमारास संपेल असे ठेवता येते, तेच बरे.

पाहणीला जाशील तेव्हा डीलरला आदल्या रात्री गाडी पूर्ण चार्ज करून ठेवायला सांग, आणि चार्जिंग स्वतः पाहून ये. मूळ केबल गाडीसोबत आहे की नाही हे तिथेच कळेल. सकाळी ट्रिप मीटर शून्यावर आणून गाडी ‘प्युअर’ म्हणजे केवळ विजेवर चालण्याच्या मोडमध्ये टाक, एसी नेहमीसारखा चालू ठेव, आणि बेताने चालवत इंजिन आपणहून कधी सुरू होते ते किलोमीटरमध्ये टिपून घे. बावीसऐवजी बारा आले तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. नंतर अधिकृत वर्कशॉपमध्ये पैसे भरून बॅटरीच्या आरोग्याचा आणि इन्सुलेशनचा छापील अहवाल घे. चौकातला मेकॅनिक कितीही हुशार असला तरी हाय-व्होल्टेजच्या नारिंगी केबलला त्याने हात लावू नये. तिथेच हेही विचार की हाय-व्होल्टेजचे काम नागपुरात होते की गाडी ट्रकवर चढवून दुसऱ्या शहरात पाठवावी लागते. ब्रेकच्या डिस्कवर गंज आहे का बघ, कारण मोटरच वेग कमी करीत असल्याने ब्रेक कमी वापरले जातात. इंजिन ऑइल किलोमीटरवर नव्हे, तर दरवर्षी बदलले गेले का, हे सर्व्हिस रेकॉर्डमध्ये शोध.

तू लिहितेस की गाडी २०२२ पासून नागपुरातच आहे. मग २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ती कुठे उभी होती, हे विचारलेच पाहिजे. त्या रात्री अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले आणि तळघरांतल्या, अंगणांतल्या किती गाड्या बुडाल्या हे आपण पाहिले आहे. विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागव, सीटचे रूळ आणि डिकीचा तळ टॉर्च लावून बघ, गालिचा उचलून वास घे. पाण्यातून निघालेली साधी गाडी एक वेळ सुधारता येते; ही घेऊ नकोस.

कागदपत्रांचे थोडक्यात. राज्य तेच असल्याने रोड टॅक्स पुन्हा पडणार नाही. फॉर्म २९ आणि ३०, आधीच्या मालकाचे कर्ज असल्यास फॉर्म ३५, आणि चौदा दिवसांच्या आत विमा तुझ्या नावावर, एवढे सांभाळ. त्याचा नो-क्लेम बोनस तुला मिळत नसतो. डीलरने ‘जीएसटी’ म्हणून पूर्ण किमतीवर १८ टक्के लावले तर ते चूक आहे. तो कर त्याच्या नफ्याच्या रकमेवरच बसतो. नंबर प्लेट पांढरीच राहील आणि पीयूसीही लागेल.

सोसायटीची सभा पुढच्या रविवारी आहे असे तू लिहिले आहेस. संमती लेखी हातात येईपर्यंत इसार देऊ नकोस, डीलरने दुसरे गिऱ्हाईक दाखवले तरीही. संमती मिळाली की कळव, मी अर्थ टेस्टर घेऊन येतो. जिन्यामागची ती जागा मला मोजून पाहायची आहे.

तुझा,
काका