मोतीची गोष्ट सांगा, पण त्याच्या पळण्याची नको

सोलापूरहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम झालं त्या रात्री आमचा कुत्रा मोती फाटकातून पळाला. चार दिवसांनी लंगडत परत आला, तेव्हा ह्यांनी त्याला दारातच पट्ट्याने मारलं. आता येत्या रविवारी ते चर्चच्या उपासनेत साक्ष देणार, म्हणजे सर्वांसमोर आपला अनुभव सांगणार आहेत, की घर सोडून भटकणाऱ्याला देव असाच धडा शिकवतो. आमचा वीस वर्षांचा मुलगा वर्षभर चर्चला येत नाही, सगळा रोख त्याच्यावर आहे. नऊ वर्षांची मुलगी रोज विचारते, मोतीने पाप केलं म्हणून त्याला लागलं का? मी ह्यांना अडवू का?"

ताई, साक्ष अडवू नका, ती बदलायला लावा. आज ती जशी ठरली आहे, तशी ती कुत्र्याविषयीही खरी नाही आणि बायबलमधल्या लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या दाखल्यांविषयीही, म्हणजे येशूने सांगितलेल्या हरवलेल्यांच्या बोधकथांविषयीही नाही.

आधी मोतीचं. तो बंड करून गेला नाही, घाबरून गेला. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45 हजारांच्या आसपास. यात्रेत होम मैदानावर उडणारे बार आपल्याला दणकतात, त्याला तर पळायला जागा पुरत नाही. असं बिथरलेलं कुत्रं बऱ्याचदा जवळपासच गाडीखाली, गटाराच्या कडेला दडून बसतं आणि मालकाने हाक मारली तरी बाहेर येत नाही. अशा वेळी मागे धावलं की ते आणखी लांब जातं. खाली बसायचं, अंग थोडं तिरकं ठेवायचं, डोळ्यांत रोखून बघायचं नाही आणि त्याच्या ओळखीचं खाणं पुढे टाकायचं.

पट्ट्याचं मात्र स्पष्ट सांगते. शिक्षा झाली की कुत्रं ती त्या क्षणी घडत असलेल्या गोष्टीशी जोडतं, चार दिवसांपूर्वीच्या पळण्याशी नाही. मोती त्या क्षणी काय करत होता? घरी येत होता. म्हणजे मार बसला तो परत येण्याचा. पुढच्या वेळी तो फाटकापर्यंत येऊन थबकला, तर कारण हेच. "बघा, मान खाली घालतो, त्याला चूक कळते," असं तुमचे मिस्टर म्हणत असतील. कान मागे, शेपूट पोटात, मान खाली, ही भीतीची लक्षणं आहेत, पश्चात्तापाची नाहीत. आवाज चढवला तर काहीच न केलेलं कुत्रंही तसंच करतं. तरुण मुलगाही धाकाने मान खाली घालील, पण तेवढ्याने त्याचं मन देवाकडे वळलं असं होत नाही.

आता लूक 15 त्यांच्यासमोर उघडून ठेवा आणि पहिली दोन वचनं वाचायला सांगा. दाखले कोणाला सांगितलेत? भटकलेल्यांना नाही. जकातदार आणि पापी तर येशूचं ऐकायला जवळ आलेच होते. कुरकुर करत होते परूशी आणि शास्त्री, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे आणि शिकवणारे, आणि दाखले त्यांना उद्देशून आहेत. शंभरातलं एक मेंढरू, दहांतलं एक नाणं, दोघांतला एक मुलगा. मेंढराला शोधावं लागलं. नाणं तर घरातल्या घरातच हरवलं होतं, त्यासाठी दिवा लावून घर झाडावं लागलं. मुलगा मात्र आपल्या मनाने गेला आणि स्वतःहून उठून परत आला. तिन्ही हरवणं वेगळं, म्हणून तिन्ही ठिकाणी करायचं कामही वेगळं. तुमचा मुलगा यांतला कोणता, हे त्याला न विचारता ठरवू नका. घरातच, प्रार्थनेला शेजारी बसूनही माणूस हरवतो. एखाद्या शंकेवर कोणी हसलं असेल, मंडळीत कोणाचं बोलणं लागलं असेल.

आणखी एक बारकावा दाखवा. त्या धाकट्या मुलाने परत येताना भाषण तयार केलं होतं; 19व्या वचनात "मला मोलकऱ्यासारखं ठेवा" असं त्याचं शेवटचं वाक्य आहे. 21व्या वचनात तो बोलतो, तेव्हा ते वाक्य येतच नाही. बाप त्याआधीच धावत जाऊन गळ्यात पडलेला असतो आणि लगेच उत्तम झगा आणायला सांगतो. चौकशी नाही, पट्टा नाही.

"कुत्रं आपल्या ओकारीकडे फिरतं" हे 2 पेत्र 2:22 मधलं वचन साक्षीत घ्यायचा मोह होईल. कृपा करून घेऊ नका. तो अध्याय खोट्या शिक्षकांविषयी आहे. भर मंडळीत आपल्याच मुलावर ते फेकलं, तर तो चर्चपासूनच नाही, बापापासूनही लांब जाईल.

मग साक्षीत सांगायचं काय? चार दिवसांत तुम्ही जे केलंत ते. कोणत्या गल्ल्या पालथ्या घातल्या, कोणाला फोटो दाखवला, रात्री फाटक उघडं ठेवलंत का, झोप लागली का. स्तोत्र 119 च्या शेवटच्या वचनात भटकलेला माणूस देवालाच म्हणतो, तूच आपल्या सेवकाला शोध. तेवढं वाचून पाच मिनिटांत खाली बसावं. मुलाचं नाव नको, त्याच्याकडे नजरही नको. आणि शनिवारीच त्याला सांगून ठेवा की बाबा मोतीविषयी बोलणार आहेत.

मुलीला आज रात्रीच उत्तर द्या: नाही बाळा, मोती आवाजाला घाबरला, त्याने पाप केलं नाही. ती मोठ्या माणसांविषयी विचारील तेव्हा लूक 13:4-5 वाचा. शिलोहाचा बुरूज अठरा जणांवर पडला. ते इतरांपेक्षा जास्त अपराधी होते का, या प्रश्नाला येशूने 'नाही' म्हटलंय.

मोती अजून लंगडत असेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडून एक्स-रे काढून घ्या. आपल्या घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, कुत्र्यांना ती घातक ठरू शकतात. अंगावर दातांच्या खुणा असतील तर डॉक्टरांना तसं सांगा, रेबीजची लस पुन्हा द्यावी लागेल. त्या चार दिवसांनंतर तो घरात कोणाला चावला किंवा त्याने ओरबाडलं असेल, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला जा. पुढच्या संक्रांतीला दारूकामाच्या दिवशी उजेड असतानाच त्याला फिरवून आणा, रात्री आतल्या खोलीत खिडक्या लावून, पंखा आणि टीव्ही चालू ठेवून कोणीतरी त्याच्याजवळ बसा. गळ्यातल्या पट्ट्यावर मोबाइल नंबर आत्ताच कोरून घ्या.