वरच्या वर्गाला इंग्रजी वाचन शिकवताय? आधी एवढंच करा

रत्नागिरीत रुजू झालात आणि पहिल्याच वर्षी बारावीचा वर्ग मिळाला, छान झालं. घाबरू नका.

सगळ्यात मोठी चूक, जी मीही बरीच वर्षं केली: उतारा आपणच वाचायचा, ओळीओळीचा मराठी अर्थ आपणच सांगायचा. मुलं अर्थ उतरवून घेतात, वाचत कुणीच नाही. त्याऐवजी चौघाचौघांचे गट करा. एकाने पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा, दुसऱ्याने प्रश्न काढायचे, तिसऱ्याने अडलेलं सोडवायचं, चौथ्याने सार सांगायचं. पॅलिन्सर आणि ब्राउन या शिक्षण-संशोधकांनी १९८४ मध्ये मांडलेली ही पद्धत. पहिले दोन-तीन तास स्वतः करून दाखवा, मग बाजूला व्हा. कामं मात्र दर वेळी बदला, नाहीतर सार कायम तीच हुशार मुलगी सांगते.

- उतारा कधीतरी मुलांना निवडू द्या. माझ्या वर्गाने ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजावरचा, थिबावरचा, लेख उचलला. तो १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत इथेच नजरकैदेत होता, राजवाडा मुलांच्या ओळखीचा. इंग्रजी अवघड होतं, तरी घंटा झाल्यावरही कुणी उठेना!
- शंभरात दोन-तीनपेक्षा जास्त शब्द अनोळखी असतील, तर तो उतारा एकट्याने वाचायला देऊ नका.
- प्रश्न विचारलात की थांबा. शांतता सोसवत नाही म्हणून आपणच उत्तर देऊन टाकतो.

गटात मुलं संगमेश्वरीत, म्हणजे इथल्या बोलीत, बोलू लागली तर अडवू नका. अर्थ आधी लागू दे, इंग्रजीत मांडणं नंतर.

गुण कसे द्यायचे, ते दिवाळीनंतर बोलू.